आधीच करून ठेवलेलं

धायरी, १२ नोव्हेंबर १९९५

कुसुम,

हे अक्षर माझंच आहे. कुणाकडून लिहून घेतलं असेल असं समजून पाकीट बाजूला टाकू नकोस. तुझी आई दुसरीचं अर्धं वर्ष शाळेत गेली आणि मग म्हशींच्या मागं गेली, हे तुला ठाऊक आहे. पुढचं सगळं मी या वयात, पाककृतीच्या पुस्तकावर शिकले. हस, पण वाच.

नीरजा, संपतची दुसरी बायको, कसबा पेठेतली. तू लग्नाला आली नाहीस म्हणून सांगते. वडील कचेरीत कारकून होते, घरात पुस्तकांचं कपाट, आणि पोरगी बोलते अशी की टाचणी टोचावी. तिनं माहेराहून दोन पाककृतींची पुस्तकं आणली. एकाला पुठ्ठा आहे, एकाला नाही. पहिल्यांदा ती वाचायची आणि मी करायची. मग तिला कंटाळा आला की काय कोण जाणे, पुस्तक माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "अहो आई, आज तुम्ही वाचा, मी करते. चुकलं तर तुमचं." मी अक्षरावर बोट ठेवून 'साहित्य' वाचलं. दुसरा शब्द वाचला 'कृती'. त्या दिवशी ढोकळा दुपारी तीनला झाला, कारण मला 'फेटून' वाचायलाच पाव तास लागला. पण झाला. फुगला. मी त्याला बोटानं दाबून दाबून बघत होते.

आता मी एकटी वाचते. पुस्तकवाल्यांचं काही कळत नाही हं. 'चवीनुसार मीठ' लिहितात. कुणाच्या चवीनुसार? तुझ्या बापाला मीठ चमचाभर लागायचं आणि तुला चिमटीभर. 'एक कप मैदा' लिहितात, आमच्या घरात सात कप आणि सातही वेगळे. शेवटी मी एक कान तुटलेला कप पुस्तकासाठी बाजूला काढला. तो कुणी चहाला घेतला की मी ओरडते.

वरच्या अंगाची जमीन गेली, त्या पैशातून संपतनं रंगीत टीव्ही घेतला. दुपारी दीडला एक बाई पदार्थ दाखवते. मी पाटी-पेन्सिल घेऊन बसते, पण तिचं तोंड माझ्या हातापेक्षा जोरात चालतं. आणि बाई लबाड आहे. कच्चं पीठ भांड्यात घालते, झाकण लावते आणि लगेच टेबलाखालून तयार पदार्थ काढते. मी म्हटलं हे कसं काय. नीरजा म्हणाली, "ते आधीच करून ठेवलेलं असतं, आई. आपल्याला फक्त शेवट दाखवतात."

तुळजा अकरा वर्षांची झाली असेल. संपतची पहिली, सरू, गेली आणि तू तिच्या तुळजाला उचलून कराडला नेलंस त्याला या पौषात नऊ वर्षं होतील. तुझं बरोबर होतं असं मी म्हणत नाही आणि चूक होतं असंही म्हणत नाही. पोरीला ढोकळा आवडतो का एवढं कळव.

तुझी आई

धायरी, २८ नोव्हेंबर १९९५

कुसुम,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते, पोस्टमन रोज दारावरून जातो म्हणून बघणं होतं.

आता ऐक. आम्ही केक केला. टीव्हीवरच्या बाईकडं भट्टी आहे, आपल्याकडं कुठली. पण बिनपुठ्ठ्याच्या पुस्तकात शेवटच्या पानावर युक्ती दिली आहे. कुकरची शिट्टी काढायची, तळाला वाळू घालायची, वाळू तापली की वर केकचं भांडं ठेवायचं. वाळूची आपल्याला काय कमी. संपत आणि त्याचा भागीदार दिगंबर आता बांधकामांना वाळू-विटा पुरवतात, दारात ढीग असतो. मी चाळणीनं वाळू चाळली, धुतली, उन्हात वाळवली. शेजारच्या सोजरबाई कुंपणावरून म्हणाल्या, "मथुराबाई, गव्हात खडे निघतात म्हणून आता खड्यात गहू निवडताय का?" त्यांना पहिला तुकडा दिला. दुसरा त्यांनी मागून घेतला.

व्हॅनिला नावाची एक बाटली मिळते, बोटाएवढी. ती मी देवघरात ठेवली आहे. अधूनमधून बूच काढून वास घेते. देव रागावत नसावा.

संपतनं तीन तुकडे खाल्ले. बोलला काही नाही. तो पहिल्यापासून तसाच, पानावर बसला की तोंडातून शब्द नाही, आणि पानातलं संपल्याशिवाय उठणं नाही. ती शिस्त मी लावली. लहानपणी एकदा भात टाकून उठला तेव्हा मी त्याला तिथंच उन्हात बसवलं होतं, तुला आठवत असेल. बाकीच्या शिकवणी कुठं गेल्या कोण जाणे, ही मात्र राहिली.

दिगंबर त्या दिवशी जेवायला होता. त्याची बहीणही आली होती, थोरली, लग्नाची राहिलेली. केक खाऊन म्हणाली, घर किती मोठं आहे हो तुमचं. मग मागचं परसूसुद्धा बघून आली. दिगंबर संपतला म्हणाला, पौष संपला की बघू. मी म्हटलं, काय बघायचं हाय पौष संपल्यावर? दोघं हसले. विटांचा भाव, म्हणाले.

नीरजाला चार वर्षांत मूल नाही. मी तिला काही बोलत नाही. संपत बोलतो. तिच्या मनगटावर चटका आहे, लांबोळा, उलथन्याच्या पात्याएवढा. मला म्हणाली, वाफ लागली. वाफेचा चटका लांबोळा येत नाही हे मला चाळीस वर्षं स्वयंपाक करून कळतं. मी कोरफड लावली आणि गप बसले. गप बसणं मला चांगलं जमतं, हे तूच मला जाताना म्हणाली होतीस.

पुढच्या आठवड्यात नानकटाई.

आई

धायरी, १४ डिसेंबर १९९५

कुसुम,

नानकटाई पहिल्या खेपेला पसरली, दुसऱ्या खेपेला दगड झाली, तिसऱ्या खेपेला अशी झाली की तोंडात ठेवली आणि गेली. पुस्तकात तूप 'पातळ नको' असं बारीक अक्षरात कंसात लिहिलेलं होतं. महत्त्वाचं ते हे लोक नेहमी कंसात लिहितात.

घरात नवा स्टोव्ह आला आहे. पितळी, पंपाचा, चकचकीत. संपत म्हणाला, वाळूच्या केकला गॅस फार जळतो, असलं काय असंल ते स्टोव्हवर करत जा. मला पहिल्यांदा आनंद झाला. खरं सांगते, मी त्याच्याभोवती फिरून बघितलं, राखेनं पुसला, किती दिवसांनी पितळ हाताला लागलं. म्हटलं, माझ्या नादाची पोराला कदर आली.

मग तो म्हणाला, "तू हात नको लावू, आई. तुझं वय झालं. नीरजालाच करू दे. ती करंल स्टोव्हवर."

मी म्हटलं बरं.

त्याच दिवशी त्यानं तिला साडी आणली. केशरी, नायलॉनची, अंगाला झुळझुळ चिकटणारी. इतक्या वर्षांत त्यानं तिला साडी आणलेली मी बघितली नव्हती. नीरजा म्हणाली, सणाला नेसेन. तर म्हणे, सणाला कशाला, घरात नेसत जा, स्वयंपाक करताना. ती मला आत येऊन म्हणाली, "अहो आई, तुमच्या मुलाचा आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं."

मी तिला सुती लुगडंच नेसायला लावलं. विस्तवापाशी सुती, हे मी सरूलासुद्धा सांगत होते.

त्या दिवसापासून पुस्तक उघडलेलं नाही. दुपारी दीडला टीव्ही लावते, बाई बोलत असते, माझी पाटी कोरी राहते. हे तुला का लिहिते ते मला नीट माहीत नाही. तुला माहीत असेल.

आई

धायरी, २६ डिसेंबर १९९५

कुसुम,

तुझं कार्ड आलं. नऊ वर्षांत पहिलं. मी पोस्टमनला केक दिला.

एकच ओळ लिहिलीस. 'आई, स्टोव्ह कोणी आणला?'

अगं, लिहिलं तर होतं. संपतनं आणला. तुलाही ते दिसलं होतं, तरी विचारतेस. सरूच्या वेळेलाही तू असंच विचारलं होतंस, ओट्यापाशी उभी राहून, तुळजा तुझ्या कडेवर. आई, स्टोव्ह चालू होता का? मी हो म्हटलं. तू माझ्या तोंडाकडं बघितलंस आणि पोरीचे कपडे भरायला लागलीस.

आता तुळजाला कळेल असं काही लिहू नये, म्हणून कालपासून मी दुसरंच लिहायचं ठरवत होते. ब्रेडचे गुलाबजाम लिहायचे होते. ते नंतर.

संपतनं मला तुळजापूरला जायला जीप ठरवली आहे. शाकंभरीचं नवरात्र आहे, दर्शन घेऊन ये म्हणाला, दोन रात्री राहा, घाई करू नको. भैरू जीप चालवणार. तीन तारखेला सकाळी दहाला दारात येईल. मी म्हटलं, नीरजाला घेऊन जाते, तिनंही नवस बोलावा. तर म्हणाला, "ती नको. घर कोण बघंल?"

त्या सालीही पौषच होता, कुसुम. त्या सालीही तुळजापूरच. अडीच वर्षांच्या तुळजाला मांडीवर घेऊन मी जीपमधून गेले, आणि परत आले तेव्हा अंगणात माणसं होती. स्टोव्हचा भडका उडाला, म्हणाले. दवाखान्यात नेईपर्यंत राहिली नाही. मीही तेच म्हणाले. फौजदारानं कागद पुढं केला, त्यात काय लिहिलं होतं ते मला वाचता येत नव्हतं. संपतनं माझा हात धरून अंगठा लावला. हात धरायची गरज नव्हती. मी लावलाच असता.

जीपचं भाडं देऊन झालं आहे. माझी पिशवी भरून झाली आहे, त्यानंच भरली. वरच्या फळीवर रॉकेलचा पाच लिटरचा डबा आला आहे, रेशनवर इतकं मिळत नाही. दिगंबरच्या बहिणीचा फोटो संपतच्या खिशात मला धुताना सापडला. मला त्या टीव्हीवरच्या बाईची आठवण येते, टेबलाखाली हात घालते ती.

आज एवढंच.

आई

धायरी, ३ जानेवारी १९९६, सकाळचे सात

कुसुम,

हे पत्र पोस्टानं येत नाही. नीरजाच आणून देईल. ती तुझ्यापुढं उभी असेल तर आधी तिला पाणी दे, मग वाच.

तिच्या हातात गिरणीचा डबा असेल. वर ज्वारी आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटावं दळण टाकायला निघाली. ज्वारीच्या खाली दोन्ही पुस्तकं आहेत, नानकटाई आहे तुळजासाठी, आणि चिंधीत बांधलेली एक पुडी आहे. पुडी आत्ता उघड.

चामड्याच्या दोन गोल चकत्या आहेत ना? स्टोव्हच्या पंपाचे वायसर आहेत ते. काळा, सुकलेला, कडेला चिरलेला आहे तो सरूच्या वेळच्या स्टोव्हचा. तुळजापूरला जायच्या आधी चार दिवस त्या स्टोव्हचा पंप हवा धरत नव्हता. चामडं सुकलं होतं. मी ते माझ्या हातानं काढलं आणि पदराच्या गाठीला बांधलं, की देवळाबाहेर स्टोव्ह दुरुस्तीवाला बसतो, त्याच्याकडून मापाचं नवं आणावं. चार दिवस आम्ही चुलीवर रांधत होतो. सरूला ठाऊक होतं. संपतला नव्हतं, तो कधी स्वयंपाकघरात डोकवायचा नाही.

वायसर नसला तर स्टोव्हमध्ये हवा भरत नाही. हवा नाही तर दाब नाही, दाब नाही तर भडका नाही. तो स्टोव्ह पेटूच शकत नव्हता, कुसुम. फौजदार मला सांगत होता स्टोव्ह फुटला आणि मी मान हलवत होते, आणि सगळा वेळ वायसर माझ्या पदराला होता. बोटानं मी तो दाबत होते. कळलं होतं मला. त्या क्षणीच कळलं होतं.

मग तो मी कुंकवाच्या डब्यात ठेवला. रोज सकाळी कुंकू लावताना दिसायचा. तुझे वडील गेल्यावर कुंकू लावणं सुटलं, पण डबा उघडणं सुटलं नाही.

दुसरा वायसर या नव्या स्टोव्हचा. काल दुपारी काढला. संपतनं अजून तपासलेला नाही. आता कुणीही म्हटलं स्टोव्ह फुटला, तर तो फुटला नाही हे दाखवायला तुझ्या हातात काहीतरी राहील.

नीरजाला काल सांगितलं, वायसर हातावर ठेवून. आधी विश्वास ठेवेना. मग मी तिला केशरी साडी दाखवली आणि फळीवरचा डबा दाखवला. तिनं विचारलं, "तेव्हा का नाही बोललात, आई?" त्यात टोचणी नव्हती, म्हणूनच जास्त लागलं. मी म्हटलं, मुलगा आहे माझा. ती म्हणाली, "आणि आता?" मी म्हटलं, आताही आहे.

कसब्याला तिला पाठवलं नाही. वडील सज्जन आहेत, चार समजुतीच्या गोष्टी सांगून परत आणून घालतील, आणि संपतही पहिला तिथंच जाईल. तुझा पत्ता त्याला माहीत नाही. तुझी सगळी पत्रं, म्हणजे ते एक कार्ड, मी चुलीत घातलं. वाईट वाटलं, पण घातलं.

मी तिच्याबरोबर का आले नाही असं तू विचारशील. विचार कर. संपत सहाला वाळूच्या गाडीवर गेला, दहाला मला जीपमध्ये बसवायला येणार. तेव्हा घर रिकामं दिसलं तर दहा वाजून पाच मिनिटांनी तो मोटारसायकलवर स्वारगेटच्या वाटेला असेल. तिची बस साडेनऊची. वाटेत बस थांबवणं त्याला अवघड नाही, त्याच्या ओळखी सगळ्या रस्त्यावरच्याच. पण मी घरात असले, स्वयंपाकघरातून वास येत असला, आणि म्हटलं नीरजा गिरणीत गेली आहे, आज गर्दी आहे, तू जेवून घे, मीही प्रवासाला जेवूनच निघते, तर तो बसेल. बसला की उठत नाही, मी मागं लिहिलं आहे बघ.

म्हणून पहाटेपासून रांधते आहे. तुला सांगायला हरकत नाही, मजा येते आहे. इतक्या कृती एका दमात कधी केल्या नव्हत्या. आधी ढोकळा वाढणार, मग पुठ्ठ्याच्या पुस्तकातली भरली वांगी आणि भाकरी, भाकरी एकेक, तव्यावरून सरळ पानात, म्हणजे मध्ये थांबावं लागेल. मग मसालेभात. मग ब्रेडचे गुलाबजाम, ते मी तुला लिहायचे राहिले होते. आणि वाळूत केक ठेवला आहे, तो मुद्दाम उशिरा. त्याला म्हणेन, जरा थांब, आत्ता होईल. माझ्या टेबलाखाली काही तयार नाही. जे होईल ते त्याच्यासमोर, जितका वेळ लागायचा तितका वेळ लागून.

बस साडेअकराला खंबाटकीचा घाट उतरते, कंडक्टरला विचारून ठेवलं होतं. तोवर त्याचं पान रिकामं होऊ देणार नाही.

नंतर त्याला मी सांगणार आहे. हात धुऊन झाले की. वायसर कुठं गेला ते सांगणार, आणि जीपमध्ये बसणार नाही. पुढं काय होईल ते मी बघितलेलं नाही. भैरूला सांगून ठेवलं आहे, की जीप घेऊन आलास की हॉर्न वाजव आणि मी बाहेर येईपर्यंत दारातून हलू नकोस. सोजरबाईंना अकराला केक खायला बोलावलं आहे. त्या वेळेच्या पक्क्या आहेत, आणि त्यांना ऐकायला दुप्पट येतं.

तू पोलिसात जा. तिथं नाही ऐकलं तर त्यांच्या वरच्याकडं जा. मी काय म्हणाले ते विचारतील, तर हे पत्र दाखव. तुळजाला कधी सांगायचं ते तू ठरव. सांगशील तेव्हा हेही सांग, की आजीला आधीच माहीत होतं. ते लपवू नकोस.

नीरजाला पुस्तकं तुझ्याकडंच ठेवू दे. कान तुटलेला कप मी इथं ठेवला आहे, तो मला अजून लागणार आहे.

वाळू तापली. ती दारात उभी आहे, डबा डोक्यावर. जाते म्हणत नाही, येते म्हणते आहे, कसब्याची ना.

त्या कागदावर माझा अंगठा होता. याच्यावर माझी सही आहे. अक्षर वाकडं असलं तरी माझं आहे, कुणी हात धरलेला नाही.

मथुराबाई